डबा नंबर एकतीस

मसोलीत, डहाणू रोड स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांचे कागद पाहून मी एक गोष्ट शिकलो. जो माणूस कागद उलटा धरून देतो त्याला काहीतरी लपवायचं असतं, आणि जो सुलटा धरून देतो त्याला जास्त लपवायचं असतं. माझी बायको संगिता विचारते, "तुमचा आरशातल्या माणसावर तरी विश्वास आहे का?" मी म्हणायचो, त्याच्यावर तर मुळीच नाही. तेव्हा मी हे थट्टेत म्हणत असे. आता तशी थट्टा जमत नाही, आणि त्याला कारण कैनाडची शितल.

शितलला मी ओळखतो तो तिच्या कागदांवरून. पहिल्यांदा आली तेव्हा दहावीत होती. शाळेचा गणवेश, तेल चोपडलेले केस, हातात जातीच्या दाखल्याचे कागद. सोबत तिची आई काळी, जी दुकानाच्या पायरीवरच बसली आणि आत काही आली नाही. मी मूळ प्रत मागितली. पोरीने दिली, पण दुसरं टोक सोडलं नाही. कागद मशीनवर जाईपर्यंत तिचं बोट त्याच्यावर होतं. मला ती तेव्हाच आवडली. बाप बारक्या घोलवडला चिकूच्या बागेत कामाला, आई मिळेल त्या मजुरीला, आणि पोरगी दर जूनमध्ये माझ्या काचेवर एक नवा कागद ठेवणार. मार्कशीट, वसतिगृहाचा अर्ज, बारावी, बी.ए. मग एका वर्षी मुंबईच्या एका कॉलेजचं प्रवेशपत्र आलं. एम.ए., वर्तनशास्त्र आणि अर्थशास्त्र. त्यांच्या पाड्यातून इतकं पुढे तोवर कोणी गेलं नव्हतं.

"हे कसलं गं शास्त्र?" मी विचारलं.

"काका, देताना-घेताना माणसं खरंच कशी वागतात ते बघायचं. जुन्या पुस्तकांत असतं की माणूस फक्त आपला फायदा बघतो. ते खरं आहे का, हे तपासायचं."

"त्यासाठी मुंबईला कशाला जातेस? आठ दिवस माझ्या दुकानात बस."

ती हसली, पण माझं म्हणणं तिने वहीत टिपून घेतलं. तेव्हा मला जरा बरं वाटलं आणि जरा शंकाही आली.

दुसऱ्या वर्षी ती आली ती आपल्या प्रबंधाचं काम घेऊन. तिने मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी जसं समजलो तसं सांगतो. तिच्या पाड्यात अठ्ठेचाळीस घरं. प्रत्येक घरातून एक मोठं माणूस बोलवायचं. त्याला वालाचे दहा दाणे आणि नंबर टाकलेला एक बंद डबा द्यायचा. माणसाने पडद्याआड जायचं आणि वाटतील तेवढे दाणे डब्याच्या फटीतून आत टाकायचे, उरलेले स्वतःकडे ठेवायचे. डब्यांत जमतील ते दाणे दुप्पट करून सगळ्यांना सारखे वाटायचे. स्वतःकडे ठेवलेले ज्याचे त्याला. शेवटी दाणा दिला की खोबरेल तेलाची एक पुडी मिळणार. कोणी किती टाकले हे कोणालाच कळणार नाही, तिलासुद्धा नाही. नंबर चिठ्ठीने निघणार आणि चिठ्ठी माणसाने फाडून टाकायची.

"पक्का स्वार्थी माणूस एकही दाणा टाकणार नाही," ती म्हणाली. "कारण दुसऱ्यांनी टाकलेल्यात त्याला वाटा मिळणारच. पण जिथे जिथे हा खेळ झाला तिथे माणसं थोडे तरी टाकतात. कोणी दोन, कोणी पाच, कोणी आठ. आपल्याकडे काय होतं ते मला बघायचंय."

"आणि घरचे चार दाणे कनवटीला लावून आणले तर? तुमच्या पाड्यात घरोघरी वाल आहे."

मुंबईत हे कोणाला सुचलं नव्हतं. मग आम्ही माझ्या दुकानातलं जांभळं स्टॅम्प पॅड घेतलं आणि प्रत्येक दाण्याला एकेक ठिपका दिला. चारशे ऐंशी दाणे, दोन दिवस दुपारची वेळ. तिची मोजणी मी पुन्हा मोजायचो, माझी ती मोजायची.

अडचण वेगळीच आली. कॉलेजचा नियम असा की भाग घेणाऱ्या प्रत्येकाची संमतीपत्रावर सही किंवा अंगठा हवा. आणि शितलच्या पाड्यात कागदावर अंगठा देत नाहीत. पाड्यातला जाणता माणूस भिका. त्याच्या बापाने विहीर मिळणार म्हणून एका कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. विहीर झाली नाही, जमीन गेली. तेव्हापासून रेशनच्या मशीनवर बोट ठेवतात ते नाइलाजाने, पण कागद दिसला की हात पाठीमागे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर पाणीही फुंकतात.

शेवटी कॉलेजने तोंडी संमती चालेल म्हटलं, पण नात्यातला नसलेला आणि लिहिता-वाचता येणारा एक साक्षीदार हवा. शितल माझ्याकडे आली.

"काका, तुम्ही कोणावरच विश्वास ठेवत नाही असं सगळे म्हणतात. मला तसाच माणूस पाहिजे."

इतकं खरं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. मी एक दिवस दुकान बंद ठेवलं.

अंगणवाडीच्या खोलीत दोरीवर साडी टाकून पडदा केला होता. मी पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. शितलने प्रत्येकाला वारली बोलीत सगळं सांगितलं, हो-नाही विचारलं, मी खूण केली. माणसं येत होती, पडद्याआड जात होती, बाहेर येऊन डबा ठेवत होती. काळीसुद्धा आली, पोरीकडे न बघता आत गेली, बाहेर आली. मला एकच गोष्ट खटकली. कोणी काही विचारत नव्हतं. फुकट तेल मिळणार म्हटल्यावर माणूस चार प्रश्न तरी विचारतो, निदान हसतो. इथे सगळे परीक्षेला बसल्यासारखे. आणि शेवटी भिका आला तो सगळ्यांचे उरलेले दाणे एका फडक्यात एकत्र बांधून. "तेल एका जागी दे," तो शितलला म्हणाला, "आमी वाटून घेऊ." म्हणजे कोणाकडे किती उरले तेही कळायला मार्ग राहिला नाही.

डब्यांची मोजणी राहिली होती. पण सेविकेला खोली बंद करायची होती आणि मला मसोलीला येणारी शेवटची रिक्षा गाठायची होती. "तू मोज, मला फोटो पाठव," मी म्हटलं. शितलने डबे दोन गोणींत भरले आणि घरी नेले. मी रिक्षात बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला. सत्तेचाळीस डब्यांत सहा-सहा दाणे. एकट्या एकतीस नंबरच्या डब्यात दहा.

चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. अठ्ठेचाळीस माणसं, पडद्याआड, आणि सत्तेचाळीस जणांचे नेमके सहा? देवळात प्रसाद वाटतानासुद्धा इतका सारखा वाटा पडत नाही. पोरीने मोजायचा कंटाळा केला आणि आकडे बसवले, मला दुसरं काही सुचेना. एक डबा वेगळा ठेवला तोही संशय येऊ नये म्हणून, असंही वाटलं. मी स्वतः असतो तर तेच केलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

तरी मी गप्प राहिलो असतो. पण महिन्याभराने शितलच्या मार्गदर्शक रुचिका मॅडम यांचा मुंबईहून फोन आला. आवाज मऊ, प्रश्न धारदार. डबे मोजले तेव्हा मी तिथे होतो का?

"नाही मॅडम. डबे ती घरी घेऊन गेली. पुढचं मी पाहिलं नाही."

हे खरं होतं, आणि एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मुंबईच्या प्राध्यापिकेने मसोलीच्या झेरॉक्सवाल्याला मत विचारायची वेळ रोज येत नाही. मी पुढे म्हटलं, "मॅडम, आजकाल पोरं हुशार असतात. आकडे कसे बसवायचे ते त्यांना बरोबर कळतं."

पंधरा दिवसांनी शितल दुकानात आली. तिच्या हातातला कागद सुलटा होता. "दोन प्रती द्या काका." मी वाचला, मी सगळेच कागद वाचतो. प्रबंधातली माहिती बनावट असल्याचा संशय आहे, पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा प्रबंध रद्द होईल आणि पदवी मिळणार नाही. खाली लिहिलं होतं, 'साक्षीदाराच्या मतेही आकडे जुळवलेले असण्याची शक्यता आहे.' साक्षीदार म्हणजे मी.

मशीनचा दिवा काचेखालून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला.

"मी पाहिलं तेच सांगितलं," मी म्हटलं.

"हो काका. डबे घरी नेलेच होते मी." तिने पैसे काचेवर ठेवले. "सगळ्यांनी सहाच का टाकले ते मलाही माहीत नाही. पाड्यात विचारलं तर कोणी सांगत नाही. मी आता कॉलेजची झाले ना." कागदाची घडी तिने तीनदा घातली. "मॅडम म्हणतात लोकांकडून लिहून आण. आमच्यात कोण लिहून देणार?"

ती गेल्यावर मला राग आला. तिचा नाही, माझाही नाही, त्या सहा दाण्यांचा. दोन वर्षांचा अभ्यास, मायबापाची इतकी वर्षं, आणि सगळं सहा दाण्यांवर अडलेलं. रविवारी मी कैनाडला गेलो. खरं सांगायचं तर तिला वाचवायला नाही, माझा संशय बरोबर होता हे पक्कं करायला.

भिका अंगणात बांबूच्या कामट्या काढत होता. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कागद आणलास का?"

मी खिसे उलटे करून दाखवले. शर्टाच्या खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. ते त्याने शेजारी दगडावर ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. काळी तिथेच ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

कामट्या काढता काढता भिका बोलला. खेळाच्या आदल्या संध्याकाळी पाडा बसला होता. पोरगी आपली, पण कागद कोणाचे? मुंबईचे. मुंबईच्या माणसाला आपण दाणे किती टाकतो ते कशाला पाहिजे? "आख्खे दहा टाकले," भिका म्हणाला, "तर बोलतील, ही माणसं मागाल ते देतात. मंग जागा मागायला येतील. काहीच नाय टाकले तर बोलतील, ही माणसं वाईट, यांना रस्ता नको, काय नको. पाच टाकले तर बोलतील, अर्धे चोर. म्हून सहा."

"आणि सगळ्यांनी सहाच टाकले? पडद्याआड? कोणी बघत नसताना?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "बोललू होतू ना सहा," तो म्हणाला.

मी अंगणात बसून राहिलो. अठ्ठेचाळीस माणसांनी एक गोष्ट ठरवली होती, ती मोडायला प्रत्येकाला पडद्याआडची संधी होती, आणि कोणी चोरून एक दाणासुद्धा जास्त ठेवला नव्हता. शितल जे शोधत होती ते तिच्या डब्यांत सापडलं होतं, फक्त इतकं नीट की कोणाला खरं वाटेना.

"पण एक चोर हाय," भिका पुढे म्हणाला आणि त्याचा आवाज चढला. "उरलेले दाणे मोजले तर चार कमी. कोनीतरी चार लपवले. अजून सापडला नाय."

सुपाचा आवाज थांबला होता. काळी तांदळात बोट फिरवत होती.

"हे लिहून द्याल का?" मी विचारलं. "पोरीची पदवी जाईल."

"मॅडमला हिकडं बोलव. तोंडाने सांगू. कागद नाय." भिकाने पेन मला परत दिलं. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आधी लेखी काहीतरी हाती येऊ दे, मग बघू. तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर पायरीवर काळी. आज मात्र ती आत आली, पंख्याखाली उभी राहिली, आणि मशीनकडे जनावराकडे बघावं तसं बघत राहिली. ती मला शेट म्हणते आणि अरे-तुरे करते. त्यांच्याकडे कलेक्टरलाही तसंच बोलतात.

"शेट, तो येगळा डबा माझा."

माझा पहिला विचार काय होता ते लपवत नाही. आई आहे, पोरीसाठी खोटं बोलत असेल. नंबर कोणता, मी विचारलं. तिला वाचता येत नाही. मी एका कागदावर तेरा, एकवीस, एकतीस, सदतीस असे आकडे लिहिले आणि तिच्यापुढे सरकवले. तिने वेळ घेतला नाही. बोट एकतीसवर ठेवलं. मी कागद फिरवला, दुसऱ्या बाजूला आकडे उलटसुलट लिहिले. तिचं बोट पुन्हा एकतीसवर.

"सगळ्यांनी सहा टाकायचे ठरले होते ना? मग तू दहा का टाकलेस?"

ती काउंटरच्या काचेकडे बघत बोलली. "परीक्षा पोरीची ना? शाळेत होती तवा पाटीवर दहातले दहा आणायची. मना दाखवायची. हे सगले बोलले सहा. मना वाटलं, दहातले सहा बघून मास्तर काय मार्क देतील? म्हून आख्खे टाकले. भिका चोर शोधतंय. मी बोलली नाय. चार दाने मी लपवले नाय रे शेट, मी टाकले."

सगळ्या पाड्याने मुंबईचा संशय घेऊन सहा टाकले, आणि एका बाईने पोरीला पैकीच्या पैकी मिळावेत म्हणून दहा. आणि तेच दहा दाणे बघून मी मनाशी म्हटलं होतं, पोरगी हुशार आहे, संशय येऊ नये म्हणून एक डबा वेगळा ठेवला. त्या क्षणी मला माझी लाज वाटली, हे सरळ लिहितो.

"मी जास्त टाकले म्हून ती नापास होते का?" काळीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यामुळे नाही."

"मंग लिही तू."

मी पेन शोधायला खाली वाकलो. वर बघतो तर तिने मशीनच्या ट्रेमधून एक कोरा कागद ओढला होता, काउंटरवरचं जांभळं स्टॅम्प पॅड उघडलं होतं, आणि कागदाच्या तळाशी अंगठा टेकवून दाबला होता. नीट, रेघा न फिसकटता.

"काळी, थांब. अगं असं नसतं करायचं. आधी मी लिहायचं, तुला वाचून दाखवायचं, मग अंगठा."

माझ्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे. 'कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.' मीच रंगवून घेतली आहे. भिकाच्या बापाची गोष्ट ऐकल्यावर लावली होती.

"झाला माझा अंगठा," ती म्हणाली. "आता लिही."

पुढचं आधी सांगून टाकतो. त्या पत्रानंतर रुचिका मॅडम स्वतः पाड्यावर आल्या, पेन बॅगेत ठेवून दोन तास भिकासमोर बसल्या आणि ऐकलं. प्रबंध पास झाला. पहिला वर्ग नाही मिळाला, त्याचं शितलला अजून वाईट वाटतं. प्रबंधात त्या आदल्या संध्याकाळच्या बैठकीवर एक वेगळं प्रकरण आहे. भिकाने चोर शोधायचं सोडलं, पण काळीला चार पुड्या तेल पाड्याला द्यायला लावलं, कारण ठरलं ते ठरलं. शितल आता तलासरीला एका संस्थेत काम करते. दुकानात येते, कागद देते, आणि दुसरं टोक अजूनही सोडत नाही.

पण त्या सकाळी माझ्यापुढे होता तो कोरा कागद. तळाशी जांभळा अंगठा आणि वर सगळी जागा रिकामी. मला वाटलं असतं ते मी लिहू शकलो असतो. मी पहिली ओळ माझ्याबद्दल लिहिली. साक्षीदार म्हणून मी मोजणीला थांबलो नाही, आणि फोनवर जे मत दिलं त्याला माझ्या स्वभावापलीकडे कसलाही आधार नव्हता. खाली काळीचं म्हणणं लिहिलं, तिच्याच शब्दांत. मग दोनदा वाचून दाखवलं. ती मान हलवत होती, पण लक्ष रिक्षाच्या आवाजाकडे होतं.

"एक झेरॉक्स घेऊन जा," मी म्हटलं. "उद्या मी यात काही खाडाखोड केली तर तुझ्याकडे पुरावा राहील."

"मना वाचता येत नाय. मी काय बघू त्यात?" तिने अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि पायरी उतरली. "तू हायस ना."